लायसोझाइमची शेपूट जाईना, कॅपिलरीला कुठलं कोटिंग करू?

गोंधळलेला_पीक
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. लायसोझाइम, सायटोक्रोम सी आणि रायबोन्यूक्लिएज ए असं साध्या प्रोटीनचं टेस्ट मिक्श्चर सीईवर (कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, बारीक नळीत व्होल्टेज लावून वेगळं करणं) वेगळं करायचंय, खरं सॅम्पल नंतर, आधी मेथड तरी बसू दे. साधी सिलिकाची कॅपिलरी, आतून ५० मायक्रॉन, फॉस्फेट बफर, पीएच ७. सायटोक्रोमचं पीक येतं पण मागे ही लांबलचक शेपूट, लायसोझाइम कधी दिसतं कधी गायब, आणि प्रत्येक रनला सगळं अजून उशिरा. मधे कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) धुतलं की पहिला रन जरा बरा जातो, मग परत येरे माझ्या मागल्या. गाइड म्हणतात पॉलिमर कोटिंग कर, पण वाचायला बसलो तर पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, पीव्हीए, पॉलिब्रीन, सेल्युलोजचे दहा प्रकार, डोकं गरगरलं. तयार कोटेड कॅपिलरीला बजेट नाही. लॅबमध्येच जमेल असं काही? पुढेमागे मास स्पेकलाही (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडायचंय.

बफरबाबा
अरे, प्रोटीनच असे निवडलेत की चिकटणारच. लायसोझाइमचा पीआय (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण चार्ज शून्य होतो तो) ११ च्या आसपास, सायटोक्रोमचा १०, रायबोन्यूक्लिएजचा साडेनऊच्या घरात, म्हणजे पीएच ७ ला तिघंही पॉझिटिव्ह आणि भिंतीवरचे सिलॅनॉल (सिलिकाचे OH गट) निगेटिव्ह. चिकटलेल्या प्रोटीनने भिंतीचा चार्ज मारला की ईओएफ (भिंतीच्या चार्जमुळे अख्ख्या बफरचा होणारा प्रवाह) मंदावतो, म्हणून वेळ सरकतेय. कोटिंगच्या भानगडीत पडण्याआधी पीएच २.५ चा फॉस्फेट लावून बघ, तिथे सिलॅनॉल जवळपास गप्प बसतात. पीकं सरळ झाली तर दोष भिंतीचाच. पण खऱ्या सॅम्पलसाठी तिथेच थांबू नकोस, इतक्या आम्लात बरीच प्रोटीनं उलगडतात.

एक_मोलर_कॉस्टिक
बाबांचं बरोबर, पण मास स्पेक म्हणतोयस तर फॉस्फेट तसाही बाद. बेसिक प्रोटीनला माझं मत पॉलिब्रीन, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जचा पॉलिमर. भिंतच पॉझिटिव्ह करून टाकायची, पॉझिटिव्ह प्रोटीन जवळ फिरकतच नाही. नुसता एक थर हळूहळू निघतो, म्हणून पॉलिब्रीन, त्यावर डेक्स्ट्रान सल्फेट (हा निगेटिव्ह पॉलिमर), त्यावर पुन्हा पॉलिब्रीन असे तीन थर द्यायचे, जपानमधल्या कातायामा मंडळींनी १९९८ मध्ये ही थरांची पद्धत छापली. करायला काही नाही, १ मोलर कॉस्टिकने नीट धू, मग पाणी, मग प्रत्येक पॉलिमर काही मिनिटं प्रेशरने ढकल, थोडा वेळ तसंच राहू दे आणि दोन थरांच्या मधे पाणी फिरवायला विसरू नको, नाहीतर दोन्ही पॉलिमर कॅपिलरीतच एकमेकांना धरतात आणि गाळ बसतो. सगळं मशीनवरच होतं, एका दुपारचं काम.

आता महत्त्वाचं: ईओएफ उलटा होतो, त्यामुळे पोलॅरिटी पण उलटी लाव. करंट झकास आणि ट्रेस सपाट दिसला तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं. पीकांचा क्रमही फिरतो कारण प्रोटीन ईओएफच्या विरुद्ध ओढली जातात, जी जास्त पळते ती शेवटी येते. मास स्पेकला चालतं, फक्त जास्तीचं पॉलिमर धुऊन मगच टोक मास स्पेकच्या सोर्सला (जिथे सॅम्पलचे आयन होतात) लाव. आणि खऱ्या सॅम्पलमध्ये निगेटिव्ह प्रोटीन असेल तर या भिंतीवर तेच जाऊन बसेल, तेव्हा डेक्स्ट्रान सल्फेटवर थांब.

जेलवाली
दोन्ही प्रकारची प्रोटीन असतील तर चार्जच नको, लिनिअर पॉलिअ‍ॅक्रिलामाइड कर. उप्सालाच्या येर्टेन यांची १९८५ ची पद्धत आहे, अजून चालते. आधी मेथॅक्रिलॉक्सी सायलेन भिंतीला जोडायचं, मग ३-४ टक्के अ‍ॅक्रिलामाइड आणि ते जमवणारे एपीएस, टेमेड. एसडीएस-पेज (प्रोटीनची जेल) करणाऱ्या लॅबमध्ये सायलेन सोडून सगळं पडलेलंच असतं, फक्त बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारं बिसअ‍ॅक्रिलामाइड) घालायचं नाही, घातलंस तर कॅपिलरीत जेल जमेल आणि फेकून द्यावी लागेल. मोनोमरमधली हवा आधी नीट काढ, ऑक्सिजन राहिला की पॉलिमर धरत नाही. ग्लोव्ह्ज घाल बाबा, न जमलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना वाईट.

डिटेक्शनची खिडकी (जिथून प्रकाश जातो, तिथलं बाहेरचं प्लास्टिक काढतात) कोटिंगच्या आधी जाळून घे, नंतर लायटर लावलास तर नेमकं तिथलं कोटिंग जळतं. पण मग तो उघडा काचेचा तुकडा नुसत्या धक्क्याने मोडतो, तेव्हा कॅसेटमध्ये बसवताना जपून. आणि हे कोटिंग झालं की कॉस्टिकला हात लावायचा नाही, अल्कलीत ते हळूहळू खाल्लं जातं. पाण्याने नाहीतर पातळ आम्लाने धू, टोकं पाण्यात बुडवून ठेव.

गोंधळलेला_पीक
थँक्यू ताई, दादा, बाबा! एकच राहिलं, कोटिंग न करता बफरमध्येच सेल्युलोज टाकतात ना, ते नाही चालणार?

क्यूसी_नाइट_शिफ्ट
चालतं, आम्ही रोज तेच करतो. अँटिबॉडीचे चार्ज व्हेरियंट (एकाच अँटिबॉडीची थोड्या वेगळ्या चार्जची रूपं) बघायला साध्या कॅपिलरीत एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक अ‍ॅसिडचा ४०० मिलिमोलरच्या आसपासचा बफर, पीएच ५.७, त्यात थोडं टीईटीए (भिंत झाकणारं एक अमाइन) आणि ०.०५ टक्के एचपीएमसी (सेल्युलोजचाच एक प्रकार). प्रत्येक रनला भिंत पुन्हा सारवली जाते, त्यामुळे कोटिंग म्हातारं होण्याची कटकट नाही, सिस्टिम सुटेबिलिटी (रनआधीची यंत्रणा-चाचणी) आरामात पास. पण डिटेक्शन यूव्ही. हे सगळं मास स्पेकमध्ये सोडलंस तर सोर्स साफ करत बसशील आणि इन्स्ट्रुमेंटवाले तुला परत दारात उभं करणार नाहीत. तुझ्या तीन प्रोटीनला मी पॉलिब्रीनच म्हणेन, बफर अ‍ॅसेटिक किंवा फॉर्मिक अ‍ॅसिडचा.

एक_मोलर_कॉस्टिक
+१. आणि कोटिंग झाल्यावर लगेच प्रोटीन टाकू नको रे, आधी डीएमएसओ (चार्ज नसलेलं, फक्त प्रवाहासोबत वाहणारं) टाकून ईओएफ मोज. हाच आकडा रोज वहीत लिहीत गेलास की थर कधी निघायला लागले ते प्रोटीन वाया न घालवता कळतं.