लढायला गेलेल्या ‘व्हॉलंटियर’ला मराठीत काय म्हणावं?

मेघना_त: तेरुएलच्या लढाईवरचा लेख मराठीत आणतेय. स्पेनचं यादवी युद्ध, डिसेंबर १९३७ ते फेब्रुवारी १९३८, पारा उणे १८च्या आसपास. स्पॅनिश सरकारच्या बाजूने लढणाऱ्या इंटरनॅशनल ब्रिगेडचे ब्रिटिश, कॅनेडियन, अमेरिकन जानेवारीत तिथल्या खंदकांत उतरले. मी ‘परदेशी स्वयंसेवक’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणाले, स्वयंसेवक म्हणजे गणपतीत बिल्ला लावून रांगा लावणारा. दुसरा शब्द सुचवा.

जुनी_बखर: शिलेदार. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. आपला शब्द असताना उधारी कशाला?

मेघना_त: पण यांना बंदुका स्पॅनिश सरकारने दिल्या.

जुनी_बखर: मग बारगीर म्हणा. घोडा, हत्यार सरकारचं.

वाईकर: बखरराव, शिलेदार काय नि बारगीर काय, दोघेही चाकरीचे. इथे माणूस आपणहून गेलाय, तेही परक्या देशासाठी. ‘स्वेच्छासैनिक’ बरा.

कडूनिंब: ‘स्वेच्छासैनिक’ सरकारी परिपत्रकात शोभेल. माणसं बोलतात तो शब्द घ्या: व्हॉलंटियर. आजीसुद्धा तेच म्हणायची.

सौ_परदेशी: माझा आक्षेप ‘परदेशी’ला आहे. पेशवाईच्या कागदांत परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातला शिपाई. आमचं आडनाव त्यातूनच आलं, असं सासरे सांगत.

जुनी_बखर: बरोबर. आणि गारदी हा फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला. इब्राहिमखानाचे गारदी पानिपतावर अशाच थंडीत लढले.

वाईकर: पगारावर लढले. म्हणून तो शब्द इथे चालणार नाही.

नागपुरी_संत्रं: ‘स्वयंसेवक’ सोडू नका, कळकळीने सांगतो. आमच्या नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे संघाचे पहिले सरकार्यवाह. ते लंडनला गेले, तिथून ‘जॉन स्मिथ’ या नावाने ब्रिटिश बटालियनमध्ये शिरून स्पेनमध्ये सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोविरुद्ध लढले. १९३८मध्ये गांदेसाला पकडले गेले, सान पेद्रोच्या छावणीत कैद भोगून परतले. त्या बटालियनला शापुरजी सकलातवाला या ब्रिटनमधल्या भारतीय कम्युनिस्ट खासदारांचं नाव होतं. या माणसाला स्वयंसेवक म्हणायचं नाही तर कुणाला? बिल्ल्याने शब्द लहान झाला असेल, तर तो आपणच वापरून मोठा करायचा.

कडूनिंब: हे मान्य. पण आज वाचणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हटल्यावर संघच दिसेल, आणि लेख तर फ्रँकोविरोधकांचा.

नागपुरी_संत्रं: दिसू दे. हुद्दारांच्या आयुष्यात दोन्ही होतं.

मेघना_त: हुद्दारांवर तळटीप देतेच. आता ‘फ्रॉस्टबाइट’? तिथे गोळ्यांइतकीच माणसं थंडीने कामातून जात होती. मी ‘हिमदंश’ लिहिलंय.

वाईकर: दंश सापाचा, विंचवाचा. हा इंग्रजीचा सरळ तर्जुमा झाला. ‘हिमबाधा’ घ्या.

रानवाट: बाधा भुताची! सियाचीनच्या बातम्यांत हिमदंशच असतो, रुळलाय. आमचे मामा तिथे होते, ते नुसतं “बोटं काळी पडली” म्हणतात.

सौ_परदेशी: मग तेच लिहा. वाचताना अंगावर येतं.

कडूनिंब: एका वाक्यात चालेल. ‘हिमदंशाचे रुग्ण’ म्हणायचं असेल तर काय करणार?

जुनी_बखर: आणि ‘खंदक’ही चूक आहे. खंदक किल्ल्याभोवती असतो. शिपाई बसतो तो चर.

रानवाट: चर आम्ही डोंगरउतारावर पाणी अडवायला खणतो. तेरुएलच्या गोठलेल्या खडकाळ जमिनीत कुदळ चालत नव्हती. तिथे दगड रचून केलेल्या आडोशाला चर कसं म्हणणार?