आम्ही ‘इतर’ म्हणजे कोण? : सोसायटीच्या ग्रुपवरची एक मंगळवार-बुधवारची चर्चा

मंगळवार, २० जानेवारी २०२६

बी-३०४ दादा: सर्वांना सलाम. काल रात्री गेटवर लागलेला बॅनर सकाळी दूध आणायला जाताना पाहिला. ‘ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना, रविवार २५ जानेवारी, संध्याकाळी ७’. वरती कॅथलिक धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाव हातभर, शेजारी फादरांचा फोटो. आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘व इतर मंडळ्या’. एवढंच विचारायचंय, इतर म्हणजे कोण? नऊ वर्षं इथे मेंटेनन्स भरतोय.

ए-२०१ सेक्रेटरी: दादा, सुप्रभात. कृपया गैरसमज नसावा. जागा पुरत नव्हती म्हणून फ्लेक्सवाल्याने तसं केलं. शनिवारी प्रूफ इथेच टाकलं होतं. अकरा जणांनी अंगठा दिला, त्यात तुमचाही होता.

बी-३०४ दादा: प्रूफवर चार नावं होती. छापून आलं तेव्हा एकच उरलं. अंगठा चार नावांना होता.

बी-१०१ नर्स ताई: उद्या बुधवार. अण्णांना डायलिसिसला न्यायचंय. नेहमीची गाडी गॅरेजला आहे. पहाटे पावणेपाचला निघावं लागेल. कोण येतंय?

ए-३०१ अंकल: त्या ‘इतर’मध्ये आम्हालापण धरा हो. आम्ही फक्त नाताळ आणि ईस्टरवाले 😄

ए-४०३: प्रेज द लॉर्ड सर्वांना. आमच्या फेलोशिपचं नाव तर प्रूफमध्येही नव्हतं. आम्ही बोललो नाही. प्रार्थनेला यायला बॅनर लागत नाही. पण एक स्पष्ट सांगतो, मंडपात मूर्ती ठेवून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होणार असेल तर आमच्या घरून कुणी येणार नाही.

ए-२०१ सेक्रेटरी: रोजरी कोण म्हणालं? आणि मंडप क्रुसापाशीच असणार. तो क्रूस बिल्डिंगच्या आधीपासून आहे, इथे केळीची वाडी होती तेव्हापासून. तो कुणासाठी हलणार नाही.

ए-४०३: क्रूस हलवा असं मी म्हणालोच नाही. वाचा तरी नीट.

सी-२०२ काकू: मंडप क्रुसापाशी म्हणजे आमच्या स्कूटरच्या जागेवर. आमच्या सत्यनारायणाला तिथे दोन बांबू रोवले तर केवढं ऐकून घेतलं होतं, आठवतंय ना? तरी आमची ना नाही. चकल्या मी करून देईन.

ए-३०१ अंकल: काकूंच्या चकल्या आणि आगाशीचं भुजिंग एका पानावर आलं की ऐक्य झालंच समजा. वेगळी प्रार्थना कशाला?

बी-३०४ दादा: अंकल, तुमची गंमत चालू द्या. मी गंमत करत नाहीये.

बी-१०१ नर्स ताई: उद्या पावणेपाच. अण्णा. गाडी. कोणी?

ए-२०१ सेक्रेटरी: दादा, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहे. पण मंडप, माइक, खुर्च्या, परवानगी, सगळं दरवर्षी आम्हीच करतो. वर्गणी किती घरांतून येते ते माझ्या वहीत आहे. बोट दाखवायला मात्र सगळे पुढे.

बी-३०४ दादा: वही काढा. आमचे पाचशे पहिल्या पानावर आहेत.

ए-२०४: हा संदेश हटवला आहे.

ए-३०१ अंकल: ए-२०४ ने काय हटवलं? आम्ही वाचलंय बरं का.

ए-१०२ मास्तर: मंडळी, मी सकाळपासून वाचतोय. टायपिंगला वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहितो, जरा लांब होईल.

आधी आपल्या, म्हणजे कॅथलिक घरांशी बोलतो. ज्यांना आपण ‘इतर’ छापलं ते कोण आहेत? दादांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक भाग, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. कुणाला बिशप हवे होते, कुणाला नको होते. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत होतं, कुणी जाणत्या वयातच. वर्षानुवर्षं चर्चा केली आणि शेवटी प्रत्येकाने आपापली जुनी पाटी उतरवून ठेवली. एक होण्यासाठी ज्यांनी स्वतःचं नाव सोडलं त्यांचंच नाव ऐक्याच्या बॅनरवरून आपण काढलं. मला सकाळी ते वाचून लाज वाटली. फ्लेक्सवाल्याचं नाव पुढे करू नका. त्याने छापलं, पण चालेल असं सांगितलं आपल्यापैकी कुणीतरी.

आणि आपण तरी कधी एकसंध होतो? मुंबईत १७९४ पासून कॅथलिकांचीच दोन ताटं होती. काही चर्चं पोर्तुगालच्या पाद्रुआदोकडे, म्हणजे तिथल्या राजाच्या आश्रयाखालच्या व्यवस्थेकडे, काही रोमच्या प्रोपगंडाकडे, म्हणजे पोपच्या मिशनखात्याकडे. एकच विश्वास, एकच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), तरी अधिकार कुणाचा यावरून भाऊ भावाशी बोलत नसे. ते १९२८ ला मिटलं. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं.

ए-३०१ अंकल: आमची आजी सांगायची, त्या भांडणात सोयरिकी मोडल्या होत्या.

बी-३०४ दादा: मास्तर, तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. आमचे वडील नगरचे. ते म्हणायचे, १९७० नंतर कितीतरी दिवस त्यांच्या तोंडी जुन्या मंडळीचंच नाव यायचं. आईने हटकलं की गप्प बसायचे. त्यांना ते सोपं गेलं नव्हतं.

बी-१०१ नर्स ताई: आमची मेथडिस्ट मंडळी त्यात गेली नाही, शेवटी बाहेरच राहिली. त्याबद्दल मला कुणाशी वाद नाही. उद्या पावणेपाचला अण्णांना खुर्चीतून गाडीत बसवायला दोन माणसं लागतात. एक मी आहे. दुसरं कोण? आणि गाडी?

ए-२०४: मीही विचारतेच आता, मघाशी लिहून खोडलं होतं. एवढं ऐक्य ऐक्य चाललंय, तर पवित्र भोजन एकत्र का नाही? माझ्या लग्नाच्या मिस्सेत माझ्या सासूबाई, कॅथलिक नसलेली पण जन्मभर चर्चला जाणारी बाई, ख्रिस्तशरीराच्या, म्हणजे त्या भोजनाची भाकर घ्यायच्या वेळी बाकावर बसून राहिल्या. सगळे उठून रांगेत गेले, त्यांनी गुडघ्यावरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ए-४०३: हेच तर. आधी सत्य, मग ऐक्य. नुसत्या गोड बोलण्याला अर्थ नाही.

ए-२०१ सेक्रेटरी: नियम आपण केलेले नाहीत.

ए-१०२ मास्तर: बाय, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. जे झालेलं नाही ते झालंय असं म्हणणार नाही. तुझ्या सासूबाईंना लागलं, आणि ते आपल्या सगळ्यांना लागलं पाहिजे. लागायचं थांबलं तर कुणी पुढे सरकणारच नाही.

पण काहीच झालं नाही असंही नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ज्यावरून फुटले तो मोठा प्रश्न म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, कृपेने की कर्माने. त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी एकत्र सही केली. २००६ मध्ये मेथडिस्टांनीही त्याला मान्यता दिली. आमच्या लहानपणी दुसऱ्याच्या देवळात पाऊल टाकलं तर पापनिवेदनात सांगावं लागे. आणि आज पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक सभा मानते, कुणी दिला हे विचारत नाही. सासूबाईंचा बाप्तिस्मा आणि तुझा एकच आहे. भोजन अजून नाही. हे दोन्ही खरं आहे.

ए-४०३, बाळा, तुझंही मला पटतं, आपले फरक झाकून ऐक्य होत नाही. फक्त सत्य माझ्या खिशात आहे आणि तुझ्या खिशात नाही, या थाटात कुणीच यायचं नाही. मीही नाही.

ए-४०३: ठीक आहे मास्तर. तसा थाट माझा होता असेल तर सॉरी. मूर्तीचं मत बदललेलं नाही.

ए-१०२ मास्तर: बदलू नकोस. ये मात्र.

सी-२०२ काकू: मला यातलं फार कळत नाही. पण २०१८ च्या जुलैत पाणी भरलं होतं, लाइट नव्हते, तेव्हा ए विंगच्या जिन्यावर सगळ्यांचा भात एकाच पातेल्यात शिजत होता. पातेलं आमचं, तांदूळ ४०३ च्या आईचे, स्टोव्ह सेक्रेटरींचा. तेव्हा कुणाचं नाव मोठं नि कुणाचं बारीक, कुणी विचारलं नव्हतं. पातेलं अजून एका बाजूला काळं आहे, घासून जात नाही.

ए-२०१ सेक्रेटरी: स्टोव्ह परत आलाच नाही पण.

ए-३०१ अंकल: तो आमच्याकडे आहे. 🙏

ए-२०१ सेक्रेटरी: साडेसात वर्षं?!

बी-३०४ दादा: मी भांडण वाढवायला लिहिलं नव्हतं. मुलीने गेटवर वाचून विचारलं, पप्पा, आपण इतर का? तिला काय सांगू ते मला सुचलं नाही, म्हणून लिहिलं.

ए-१०२ मास्तर: (बराच वेळाने) दादा, हे तुम्ही सकाळीच लिहिलं असतं तर मी एवढा इतिहास सांगत बसलो नसतो.

आठवड्याबद्दल एकच सांगतो आणि थांबतो. हा १८ ते २५ जानेवारीचा प्रार्थना-सप्ताह १९०८ मध्ये पॉल वॉटसन नावाच्या अमेरिकन धर्मगुरूंनी सुरू केला. तेव्हा ते अँग्लिकन परंपरेचे होते, पुढच्या वर्षी कॅथलिक झाले. आता साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. यंदाचं आर्मेनियातल्या ख्रिस्ती लोकांनी तयार केलंय. वचन बायबलमधलं, इफिसकरांस पत्र, अध्याय ४, ओवी ४ : एक शरीर, एक आत्मा, एक आशा. आपल्या बॅनरवर तेच आहे. पण ते पत्र लिहिणारा पौल एकदम चौथ्या ओवीवर येत नाही. पहिल्या ओवीत तो सांगतो, मी बंदिवान आहे. दुसरीत मागणी करतो : पूर्ण लीनता, सौम्यता, सहनशीलता, प्रेमाने एकमेकांना सांभाळून घेणं. मग तिसरी, आणि नंतर कुठे ‘एक शरीर’. आपण दुसरी ओवी गाळली आणि चौथी छापली. लीनता म्हणजे मान खाली घालून बसणं नव्हे. दुसऱ्याच्या कामाला आपला खांदा देणं आणि त्या कामावर आपलं नाव नसलं तरी चालवून घेणं, असं मला वाटतं. हे मी कॅथलिकांना आधी सांगतोय, कारण इथे संख्येने आपण जास्त आहोत. ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याने आधी वाकायचं.

आणखी एक. गेल्या वर्षी सी विंगच्या पार्किंगमध्ये आपण प्रभूची प्रार्थना म्हटली. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून आपण थांबलो, बी विंगची मंडळी पुढे ‘कारण राज्य, पराक्रम, गौरव’ म्हणत गेली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि तीही मध्येच ओशाळून गप्प झाली. मला ती शांतता अजून टोचते. तेच शब्द आपण मिस्सेत थोडं पुढे म्हणतोच की. या वेळी कुणी थांबायचं नाही.

बी-३०४ दादा: 🙏 आम्ही हळू म्हणू. तुम्ही सोबत या.

ए-२०१ सेक्रेटरी: बॅनर काय करायचं ते ठरवा. नवीन छापायला पैसे नाहीत. ‘व इतर’वर कागद चिकटवू का?

बी-३०४ दादा: कागद नको, वाऱ्याने सुटला की आणखी वाईट दिसेल.

ए-१०२ मास्तर: फादरांना आत्ताच फोन केला होता. आपला फोटो लावलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. काढा म्हणाले, आणि पाळकसाहेबांना ते स्वतः फोन करणार आहेत. माझं म्हणणं, सगळ्यांचीच नावं जाऊ देत. वचन, जागा, वेळ. गेटवर फळा आहे, त्यावर खडूने लिहा.

ए-२०१ सेक्रेटरी: वर्गणीतून केलेला फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवायचा. ठीक. वॉचमनला सांगतो. मला राग आलाय हे लपवत नाही, पण उतरवतो.

बी-३०४ दादा: सेक्रेटरी साहेब, शिडी धरायला मी खाली येतो. आणि वहीबद्दल बोललो ते विसरा.

सी-२०२ काकू: फळ्यावर अक्षर कुणाचं चांगलंय? आमच्या नातीला बोलवू का?

ए-३०१ अंकल: आणि स्टोव्ह मी उद्या आणून देतो. शप्पथ.

बी-१०१ नर्स ताई: हे सगळं छान झालं. मी सकाळपासून हे चौथ्यांदा लिहितेय. बुधवार. पावणेपाच. अण्णा. मागच्या खेपेला उशीर झाला तर त्यांना बाकावर तासभर बसावं लागलं होतं, पाय भोपळ्यासारखे सुजले होते.

बी-३०४ दादा: ताई, माफ करा. माझी गाडी घ्या. मी चालवतो. उचलायचं कसं ते मात्र येत नाही मला.

ए-४०३: माझी नाइट शिफ्ट चारला संपते. मी थेट खाली येतो. मला येतं, आमच्या पप्पांना वर्षभर उचललंय.

बी-१०१ नर्स ताई: दोघेही या. चाकाची खुर्ची जिन्याखाली आहे, डावा ब्रेक लागत नाही, पाय लावून धरा. चादर आणि कानटोपी घ्या, आत एसी असतो. डायलिसिसची सुई लावतात तो फिस्टुला डाव्या हातात आहे, त्या हाताला धरून ओढायचं नाही. काखेत हात घाला.

ए-४०३: ओके. डावा हात नाही.

बी-३०४ दादा: डावा हात नाही. आलं लक्षात.

बुधवार, २१ जानेवारी

बी-१०१ नर्स ताई: पाच वाजून दहा. पोचलो, नंबर लागला. दोघं बाहेर चहा घेतायत आणि बाप्तिस्म्यावरून वाद घालतायत, चालू दे. अण्णा विचारतायत, रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन घ्यायचं असेल तर त्यांची पेटी माळ्यावरून कोण उतरवणार? भाता फाटलाय, चिकटपट्टी लागेल.