विषय: गॅरेजच्या दारावरचं लिखाण

मंडळी,
परवा रात्री आपल्या एका सभासदाच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी स्प्रेने 'चालते व्हा' लिहून गेलंय. पुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. घरच्यांना वाटतंय, गुपचूप रंग मारून विषय संपवावा. समितीतही 'उगाच बभ्रा नको' असाच सूर आहे. 'आम्ही शिकलेले, टॅक्स भरणारे, शांतताप्रिय लोक' असं एक निवेदन काढतोय. चालेल?
– सचिव

---

अगं, रंगाचा डबा उघडू नका! आधी फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या. त्यात 'द्वेषातून केलंय असा संशय' हे शब्द घालाच, नाहीतर पोरांचा वात्रटपणा म्हणून कागद बाजूला पडायचा.

रंग मारायचाच, पण चारचौघांत. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात 1993 साली तिथल्या एका मूळनिवासी बाईंच्या घरावर स्वस्तिक फासलं (हिटलरचं, आपलं नव्हे), तेव्हा रंगाऱ्यांच्या युनियनची तीसेक माणसं येऊन घर रंगवून गेली. त्याच डिसेंबरात एका ज्यू मुलाच्या खिडकीत मेनोराचं, म्हणजे त्यांच्या सणाच्या दीपवृक्षाचं चित्र होतं म्हणून काच फोडली. गावच्या पेपरने पानभर मेनोरा छापला आणि हजारो बिगर-ज्यू घरांनी तो आपापल्या खिडकीत चिकटवला. आता कुणाकुणाची काच फोडणार?

राहिलं निवेदन. मी सध्या नाशकात, पंचवटीत बहिणीकडे आहे. दूध आणायला काळारामावरून जातो. 2 मार्च 1930 ला याच दारांशी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. रामनवमीला रथ ओढू म्हणणाऱ्यांवर दगड आले. फेकणारे बाहेरगावचे नव्हते गं, आपलेच होते. आमच्या वाड्यातले कुणी होते का, हे घरात कधी कुणी विचारलं नाही. सत्याग्रह पाच वर्षं चालला, तेव्हा दार नाही उघडलं. म्हणून ते 'शिकलेले, टॅक्स भरणारे' काढून टाक. न शिकलेल्याच्या दारावर लिहिलं तर चालेल का?
– माजी खजिनदार, मुक्काम नाशिक

---

काका, वाक्य काढलं. तक्रार दिली, नंबर मिळाला. घरचे सुरुवातीला तयार नव्हते, पण समोरच्या आजी स्वतःच शिडी घेऊन दारात आल्या, तेव्हा सूनबाई रडल्या आणि हो म्हणाल्या. शनिवारी दहा वाजता. पोहे मंडळाचे, रोलर आपापले आणा. रंग पांढरा नाही हं, फिका करडा आहे.
– सचिव