किडनी मिनिटाला किती मिली गाळते? २४ तासांच्या लघवीवरून (क्लिअरन्स) ४५, रक्तावरून अंदाज (ई-जीएफआर) ८३. कोणता आकडा धरायचा?

काकडआरती
पुरुष, वय ४८, वजन ६२ किलो. सीरम (रक्तातलं) क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो स्नायूंचा कचरा, १.१ मिग्रॅ/डेसिलिटर, त्यावरून ई-जीएफआर ८३. लघवी ९५० मिली, त्यात क्रिएटिनिन ७५ मिग्रॅ/डेसिलिटर, क्लिअरन्स ४५. किडनी खरंच अर्धी झाली की त्या दिवशी पाणी कमी प्यायल्याचा परिणाम?

लॅबवाला
लॅबचं गणित बरोबर आहे: ७५ × ९५० ÷ १४४० मिनिटं ÷ १.१ = ४५. पण आधी एकूण क्रिएटिनिन बघा. ९५० मिलीत ७१२ मिग्रॅ. बेताच्या अंगकाठीच्या पुरुषाचं दिवसाला किलोमागे २० ते २५ मिग्रॅ पडतं, म्हणजे ६२ किलोला निदान १२४० हवं. तुमचं जेमतेम साडेअकराच्या हिशोबाने आलंय. बरीच लघवी कॅनमध्ये पोचलेलीच नाही. १२४० धरलं तर क्लिअरन्स ७८ येतो.

निवळी
पाण्याला दोष देऊ नका. दोन्ही किडन्या दिवसाला १८० लिटर गाळतात आणि ९९ टक्के परत रक्तात घेतात. शेवटी किती पाणी सोडायचं ते एडीएच हार्मोन ठरवतं. रक्त जरा घट्ट झालं की ते सुटतं, नेफ्रॉनच्या (किडनीतल्या बारीक गाळणीच्या) पुढच्या संग्राहक नळीत पाण्याच्या वाटा उघडतात, लघवी थोडी आणि गडद होते. भरपूर प्यायलात की उलट. दिवसभराचं क्रिएटिनिन मात्र जवळपास तेवढंच राहतं. ९५० मिलीत ७५ ऐवजी १३० असतं तर कुणाला शंका आली नसती. लघवी थोडी आणि तरी पातळ, इथेच पाणी मुरतंय.

लॅबवाला
पुन्हा करताना: सकाळी ७ ची लघवी टाकून द्या, घड्याळ तिथून सुरू. नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी ७ ची धरून. पहिलीही भरली तर रात्रभरची लघवी फुकट जमा होते आणि आकडा फुगतो. संडासला बसण्याआधी मगमध्ये लघवी करून घ्या, सर्वाधिक गळती तिथेच. कॅन थंड जागी ठेवा, पूर्ण कॅन लॅबला द्या, घरी मोजून थोडी नेऊ नका. रक्त त्याच वेळी द्या.

उंबर
एक पुरवणी. किडनीतल्या नळ्या थोडं क्रिएटिनिन स्वतःहून लघवीत सोडतात, त्यामुळे क्लिअरन्स खऱ्या जीएफआरपेक्षा (गाळण्याच्या खऱ्या वेगापेक्षा) थोडा जास्तच दिसतो. ट्रायमेथोप्रिमसारखं औषध हे सोडणं अडवतं. मग किडनी ठीक असूनही रक्तातला आकडा चढतो. स्नायू फार कमी किंवा फार जास्त असतील तर सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्ताची तपासणी) मागा. आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्याच. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर वारंवार गेलं तर ई-जीएफआर ८३ असूनही डॉक्टरांना दाखवायला हवं.

काकडआरती
संडासच्या वेळची एकदाही धरली नव्हती, ऑफिसातलीही दोनदा राहिली. रविवारी ७ ला सुरू करतो.

लॅबवाला
मग रविवारचं मटण पुढच्या आठवड्यात. शिजलेल्या मांसाने रक्तातलं क्रिएटिनिन काही तास वर जातं. शनिवारी रात्रीही नको.