गिरण्या बंद पडलेल्या शहरातली भिंतचित्रं : पोलंडच्या वूचबद्दल विचारायचं होतं

लालबागचा पोरगा : आमच्या चाळीमागे गिरणीची जुनी भिंत अजून उभी आहे. मंडळाच्या पोरांना तिच्यावर मोठं चित्र काढायचंय. वूच हेही कापडगिरण्यांचं शहर, आणि ग्राफिटीवाल्यांनी त्याचं रूप पालटलं म्हणतात. तिथं कुणी राहतं का?

वूचची सूनबाई : नऊ वर्षं झाली मला इथं. माझे आजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, म्हणून हे शहर पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. आपल्याकडे १९८२चा संप. इथं १९८९नंतर सोव्हिएत बाजारपेठ गेली आणि गिरण्या बसल्या. पोझनान्स्की या जुन्या गिरणीमालकाच्या अवाढव्य गिरणीत २००६ साली मॉल उघडला.

इथल्या जुन्या इमारतींची एक बाजू बिनखिडक्यांची असते. शेजारी दुसरी इमारत चिकटून येणार म्हणून कोरी ठेवलेली. काही ठिकाणी ती आलीच नाही, काही ठिकाणी नंतर पाडली गेली. अशा भिंती ‘अर्बन फॉर्म्स’ संस्थेनं रंगवून घेतल्या. २०१२मध्ये ब्राझीलचे ओस जेमेओस हे जुळे भाऊ आणि स्पेनचा आरिस यांनी रूझवेल्ट रस्त्यावर मिळून एक भिंत केली. पण माझा जीव आहे तो ‘एटाम क्रू’ या चित्रकार जोडीवर. सायनर आणि बेझ्त, दोघंही ग्राफिटीतले आणि इथल्याच कला अकादमीत शिकलेले. त्या अकादमीत कापडाचं डिझाइनही शिकवतात!

माझ्या वाटेवर एक भिंत आहे. लांबून बाईचा चेहरा दिसतो. जवळ गेलं की नुसते स्प्रेचे फराटे आणि विटांचे सांधे. चित्रातल्या बाईच्या कोपरात कुणीतरी नंतर खिडकी फोडलीय, तिथं जिरेनियमची कुंडी असते.

गिरणगावची लेक : चित्रं ठीक, पण आतल्या माणसांचं काय? जिन्यांची डागडुजी झाली का?

वूचची सूनबाई : खरंय तुमचं. त्या भिंतीमागचं अंगण अजून ओलं आणि अंधारंच आहे. चित्रानं नळ दुरुस्त होत नाही. पण आमच्या आजी, म्हणजे सासूबाईंच्या आई, चाळीस वर्षं गिरणीत होत्या. त्या आता पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘चित्राच्या भिंतीपासून डावीकडे’ म्हणतात. आधी ‘पडक्या गिरणीपासून’ म्हणायच्या. मला हे फार मोठं वाटतं.

पोरा, बाहेरचा चित्रकार जरूर बोलवा, पण सोबत तुमच्या गल्लीतला हात हवाच. आणि भिंतीची ओल आधी बघा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पोपडे येतील.

लालबागचा पोरगा : ताई, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे दादा आमच्याच मजल्यावर राहतात. आज रात्री त्यांना भिंत दाखवतो.