मकतबच्या पोरांना गणित शिकवताना दीन (धर्म) कुठं आणायचा?

गणिताची बाई, मोमीनपुरा
संध्याकाळी मकतब (मुलांची दीनी शाळा) सुटला की ११ पोरं माझ्या घरी गणिताला येतात. परवा एकानं विचारलं, "बाई, सवाब (पुण्य) तर सिपारा (कुरआनचा भाग) वाचल्यानं मिळतो, मग हे अपूर्णांक कशाला?" कुरआनचा सर्वांत आधी उतरलेला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच, हे सगळ्यांना पाठ आहे. तो अपूर्णांकांपर्यंत पोचत नाही. भिंतीवर आयती (कुरआनमधली वचनं) लावून पाहिल्या, कोणी वर मान करून पाहत नाही. काय करू?

निवृत्त मास्तर, महाल
ताई, आयती नका लावू, हिशेब द्या. ज्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जेब्रा' शब्द आला, तो अल-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकात बगदादला लिहिला. त्याचा मोठा भाग वारशाच्या वाटणीच्या गणितांचाच आहे. माणूस वारला. मागे बायको, आई, एक मुलगा. शरीअतप्रमाणे (इस्लामी कायद्यानं) बायकोला १/८, आईला १/६, उरलेलं मुलाला. किती? लसावि २४. काढू द्या त्यांनाच.

पालक, जाफरनगर
घरी खुशाल शिकवा. शाळेच्या तासाला मात्र जपून. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८.

फळगाडीवाला, सदर
बाई, मी सहावीच शिकलो, पण कुरआनातला सूरह मुतफ्फिफीन हा अध्याय आमच्या धंद्याचाच हाय. घेताना पुरं मोजून घेणारे अन् देताना कमी देणारे, त्यांचा त्यात धिक्कार हाय. पोरांना गाडीवर आणा जी. घासून घासून वजनं हलकी होतात. कोणतं कमी भरते, पोरांनाच पकडू द्या. माझं निघालं तर माझं बी.

गणिताची बाई, मोमीनपुरा
भाऊ, रविवारी येतो सगळे.
मास्तर, १७/२४ तिघांनी काढलं. मग मी मुलाला एक बहीण दिली. त्याला दोन वाटे, तिला एक, म्हणजे १७/३६ आणि १७/७२. दाराशी बसणारी पोरगी म्हणाली, "उत्तर बरोबर आहे बाई, पण मला कमी का?" मी सांगितलं, शरीअतनं घरखर्चाचा भार मर्दावर टाकलाय. ती म्हणाली, "आमचं घर तर अम्मीच्या शिलाईवर चालते."
माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण तिला गप्प बसवणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओळखीच्या आलिमा (दीनचं शिक्षण घेतलेल्या) आपांकडे नेलं. वाट्याचा हुकूम बदलत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जिवंतपणी औलादीला काही द्याल तर बरोबरीनं द्या, ही हदीसही (पैगंबरांचं वचन) त्यांनी काढून दाखवली. पोरीनं ती वहीत उतरवून घेतली. अब्बूंना दाखवणार आहे म्हणाली.