डिजिटल पियानोवर एकच स्वर भराभर वाजवला की मधला गळतो – मदत हवी आहे

पेटीवाला_अमळनेर

नमस्कार मंडळी. वीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय, पियानोतलं मात्र काही कळत नाही. लेकीसाठी दिवाळीत जळगावहून जुना डिजिटल पियानो आणला. ८८ पट्ट्या, वजनदार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा की आमच्या बोटांचा हेच अजून ठरत नाहीये.

लेकीच्या धड्यात एकच स्वर तिसरं, दुसरं, पहिलं असं बोट बदलत वाजवायचाय. सावकाश वाजवला तर सगळं नीट. लय वाढली की चारातला एखादा गायब! पट्टी खाली जाते, आवाज नाही. पेटीवर पट्टी जराशी दबली तरी सूर बोलतो, त्यामुळे मला हे फारच खटकतं.

यूएसबीने लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड केलं. गळालेला स्वर मिडीतसुद्धा (कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली याची यंत्राची नोंद) उमटत नाही, म्हणजे स्पीकर निर्दोष. विकणारा म्हणतो, "पोरीचा हात अजून कच्चा आहे." पण माझा हात तर कच्चा नाही ना! खोलून पट्ट्यांखालचं रबर साफ करू का? आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते सांगायला नको.

भुसावळ_लोकोशेड

भाऊ, स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. आधी एक करून बघा. पट्टी पूर्ण दाबा, मग अर्धीच वर येऊ द्या आणि पुन्हा दाबा. आवाज आला नाही तर दुसऱ्या दहा-बारा पट्ट्यांवरही हेच करा. सगळीकडे तसंच होत असेल तर बिघाड नाही, बांधणीच तशी आहे.

टीव्हीच्या रिमोटमध्ये बटणाखाली काळा ठिपका असलेलं रबर असतं ना, पुष्कळ पियानोंत पट्टीखाली तसेच दोन संपर्क असतात. आधी एक जुळतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी तितका आवाज मोठा. मिडीत तो जोर १ ते १२७ असा मोजतात. पुढचा आघात मोजायला पहिला संपर्क सुटावा लागतो, म्हणजे पट्टी बरीच वर यावी लागते. तुमची बोटं त्याआधीच परत दाबतात, मग यंत्राच्या लेखी नवीन काही घडलंच नाही.

या संपर्कांनाच सेन्सर म्हणतात; तीन सेन्सरवाल्यात मधे आणखी एक असतो. पट्टी अर्ध्यातून परतली तरी खालच्या दोघांवर जोर मोजला जातो, आणि पहिला सुटलेला नसल्याने आधीचा स्वरही तुटत नाही. ग्रँड पियानोत हे काम लाकडी यंत्रणा करते, एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. साध्या उभ्या पियानोत ती सहसा नसते, तिथेही पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. म्हणून लेकीचा सराव वाया जात नाहीये, हे तिला नक्की सांगा.

धुळेकर_८८

तुना पियानो दोन सेन्सरना शे भाऊ, मना बी तसाच व्हता! बोट पट्टीवरून पूर्ण उचलायची सवय लावली, निम्मा त्रास गेला. निम्मा अजून आहे.

पेटीवाला_अमळनेर

दोघांचे आभार. आत्ताच करून पाहिलं. सगळ्या पट्ट्या अर्ध्यातून मुक्याच, म्हणजे दोनच सेन्सर. पण मधल्या सप्तकातली काळी दोन सावकाश दाबली तरी कधी बोलत नाही, कधी एकदम ओरडते. ते वेगळं प्रकरण दिसतंय.

भुसावळ_लोकोशेड

हो, तिथे कचरा किंवा काळ्या ठिपक्याचा झिजलेला कार्बन. एकाच पट्टीचा विचित्रपणा हा बिघाडच. रबर काढून, धूळ झटकून, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने बोर्डावरचे संपर्क हलके पुसा. रबराचे काळे ठिपके घासू नका, कोरड्या कापडाने टिपून घ्या. वीज आधी काढा, आणि स्क्रू कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा.

पेटीवाला_अमळनेर

रविवारी खोलतो. आता खरा प्रश्न: लेक अजून वर्षभर तरी सोपंच वाजवणार. याच्यावरच ठेवू, की हा विकून रोलँड एफपी-३०एक्स किंवा कवाई ईएस-९२० असा तीन सेन्सरवाला जुना शोधू? जळगाव-धुळ्याकडे कुणाकडे असेल तर हात लावून बघायला येईन. पेटी बरोबर आणतो, चहा तुमच्याकडे.